खिडकीपाशी किती वेळा?

मामीनं मामाला घातलेला लगाम म्हणजे मी. वय नऊ, इयत्ता चौथी, पायांत गमबूट. साल 1979. पावसाळ्यातल्या रविवारी जेवणं उरकली, की मामा घड्याळाकडे बघायला लागायचा आणि मामी मामाकडे. मग ती मला स्वयंपाकघरात बोलवायची, चड्डीच्या डाव्या खिशात भाजलेले शेंगदाणे भरायची आणि दबक्या आवाजात काम सांगायची. "मामा खिडकीपाशी गेला, की एक दाणा या खिशातून त्या खिशात टाकायचा. एवढंच. बाकी कुठं बघत बसू नकोस."

खिडकी म्हणजे रेसकोर्सवरची, पैसे लावायची खिडकी. मामाला रेसला जायचंच असेल तर भाच्याला घेऊन जायचं, हा दोघांत झालेला तह होता. लहान पोर बरोबर असलं की माणूस हात राखून वागतो, असा मामीचा हिशोब. आज रेसकोर्सच्या जाहिरातींत हसरी कुटुंबं दिसतात, हिरवळीवर फुगे धरून पळणारी मुलं दिसतात. घोड्यांची शर्यत म्हणजे साऱ्या कुटुंबाची करमणूक, असं त्यात म्हटलेलं असतं. वाचताना मला हसू येतं. आमच्याकडे ही कौटुंबिक करमणूक पहाऱ्यातून सुरू झाली.

'रेस' या शब्दाला त्या वेळी मराठी मध्यमवर्गात एक खास सूर होता. सायकलींची शर्यत असे, पळण्याची शर्यत असे. रेस मात्र घोड्यांचीच. "तो रेसला जातो" हे वाक्य "तो पितो" याच्याच आवाजात, मुलांकडे एक डोळा ठेवून उच्चारलं जाई. लग्न जुळवताना स्थळाची चौकशी व्हायची तीही तशीच, सुपारी नाही, तंबाखू नाही, रेस नाही. प्रत्येक खानदानात एखादा काका, एखादे आजोबा असे असत, की ज्यांनी 'घोड्यांवर घालवलं'. काय घालवलं ते कुणी सांगत नसे. आमच्या मामानं काय घालवलं ते मला माहीत होतं. मामीच्या पाटल्या एकदा गहाण पडल्या होत्या आणि त्या सुटायला दोन वर्षं लागली होती. त्या दोन वर्षांत मामी सणासुदीलाही लांब बाह्यांचं पोलकं घालायची.

मामाचं म्हणणं साधं होतं. "मी घोडे बघायला जातो." हे वाक्य तो इतक्या निरागसपणे म्हणायचा, की घरातलं सगळं माणूस हसायचं. माझी आई, म्हणजे त्याची सख्खी बहीण, सगळ्यात मोठ्यानं.

पुण्याचा सीझन पावसात. जुलैत सुरू होतो आणि दिवाळीच्या आगेमागे संपतो, मग घोडे मुंबईला उतरतात. महालक्ष्मीची मातब्बरी मोठी असेल, पण पावसाळ्यातलं पुण्याचं रेसकोर्स ज्यानं पाहिलंय त्याला ती फारशी जाणवत नाही. कँपाच्या कडेला लष्कराच्या जमिनीवरचा तो हिरवा पसारा, शेजारी एम्प्रेस गार्डनची जुनी झाडं, वर भरून आलेलं आभाळ. मी शाळेत मित्रांना एम्प्रेस गार्डनला जातो असं सांगायचो. ते अर्धं खरं होतं. बस तिथंच सोडायची.

आत गेलं, की मामा बदलायचा. घरात खांदे पाडून बसणारा माणूस इथं मान ताठ करून चालायचा. हातात घडी घातलेलं रेसबुक, कानाला पेन्सिल. भोवती ओळखीची माणसं, आणि त्यांची एक निराळीच भाषा. कुणाकडे 'टिप' असायची, कुणाचा 'फ्लूक' लागलेला असायचा, कुणाचा 'फेव्हरिट' आपटलेला असायचा. अंतर मोजायची मापं तर घोड्याच्याच अंगावरून घेतलेली. लेंथ म्हणजे घोड्याची लांबी, मग मान, मग डोकं, आणि सगळ्यात थोडक्याला नाक. मामाच्या तोंडी ही मापं इतकी बसली होती, की सकाळची बस चुकली तरी "मानेनं गेली" म्हणायचा. त्याची एक बढतीही हुकली होती. ती, त्याच्या मते, नाकानं.

तो आधी खिडकीकडे जायचा नाही, हे सांगायला हवं. आधी पॅडॉक. शर्यतीपूर्वी घोडे गोल फिरवून दाखवतात ती जागा. सईस, म्हणजे आपला मोतद्दार, लगाम धरून पुढं चालतो आणि घोडा बाजूनं. मामा मला कठड्यावर उभा करायचा. "कान बघ. मान बघ. घाम कुठं फुटलाय बघ. मांड्यांमध्ये फेस आला असेल तर हा घाबरलाय, शर्यत इथंच पळून बसला." घोडा जवळून जाताना त्याच्या कातडीखाली शिरांचं जाळं दिसायचं, वडाच्या पानाच्या मागच्या बाजूसारखं. माशी बसली, की तेवढीच चामडी थरथरायची, बाकी अंग शांत. एवढ्या मोठ्या देहाला एवढीशी माशी कळते, याचं मला फार नवल वाटायचं. एकदा एका तांबूस घोडीनं माझ्या समोर येऊन नाकपुड्या फुलवल्या आणि तिचा ऊन, ओल्या गवताच्या वासाचा श्वास माझ्या तोंडावर आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पुढं गेली होती आणि मामाही.

मग जॉकी यायचे. लहानखुरे, रंगीत रेशमी अंगरख्यातले, शाळेच्या गॅदरिंगमधून पळून आल्यासारखे. मामा त्यांच्याबद्दल मात्र आदरानं बोलायचा. पांडू खाडे, वसंत शिंदे ही नावं तो अशी घ्यायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं ही क्रिकेटपटूंची किंवा नाटकवाल्यांची नावं आहेत. "इंग्रजांचा खेळ, राजेमहाराजांचे घोडे, पण पाठीवर बसायला आपला माणूस लागतो!" पन्नास-बावन्न किलोंचा तो माणूस शर्यतीआधी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो, शर्यत संपल्यावर पुन्हा उभा राहतो. वजन कमी पडत असेल, तर खोगिराखालच्या कापडाच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालतात. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त वजन आणि कमअस्सलाला कमी, म्हणजे शेवटी सगळे बरोबरीत यावेत. मी हे घरी येऊन मामीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. "त्यात काय नवं?" ती म्हणाली. "जी सून नीट पळते तिच्यावरच वजन टाकतात."

मामीचा स्वभाव असा. तिला रेसमधलं काही कळत नव्हतं आणि सगळं समजत होतं. त्या काळी मामाच्या तोंडी एकाच घोड्याचं नाव असे, स्क्वाँडरर. दोन वर्षांपूर्वी, 1977 साली, त्यानं इंडियन डर्बी जिंकली होती. एकोणीस शर्यतींपैकी अठरा त्याच्या नावावर होत्या. मामीनं एकदा मला नावाचा अर्थ विचारला. मी शाळेतली डिक्शनरी काढून सांगितला, उधळ्या. मामी हातातलं उलथनं टाकून हसत सुटली. "घ्या! त्यांचा उधळ्या अठरा वेळा जिंकतो. आमचा एकदा तरी जिंकला असता."

आता शर्यतीबद्दल. ती डोळ्यांना दिसायच्या आधी पायांना कळते. सुरुवातीचं गेट मैदानाच्या पल्याड असतं. तिथून रंगीत ठिपके सुटतात, ते कुंपणावरून घरंगळत यावेत तसे वळणावर येतात. तोवर सारा खेळ मुक्यानं चाललेला. मग कठड्याला टेकलेल्या पोटात, गमबुटाच्या तळव्यात एक घरघर सुरू होते. ती वाढत जाते, मागच्या स्टँडमधल्या लोकांचा ओरडा तिच्यावर चढतो, आणि एकाएकी ते समोर असतात. चिखलाची ढेकळं डोक्यावरून उडतात, चाबकाचे फटके, जॉकींच्या शिव्या, आणि या सगळ्याखाली लोहाराच्या भात्यासारखा एका लयीतला 'हुफ्, हुफ्, हुफ्'. पाच सेकंद. मग फक्त पाठी, शेपट्या आणि हवेत राहिलेला मातीचा वास.

तो 'हुफ्' काय असतो, हे मला फार उशिरा कळलं. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, जे काही ते नाकपुड्यांनी. आणि भरधाव पळताना त्याचा श्वास त्याच्या पायांना बांधलेला असतो. एका झेपेला एकच श्वास, कमी नाही, जास्त नाही. पुढचे पाय लांबले की आत, जमिनीला टेकले की बाहेर. धाप लागली म्हणून लय मोडून एक श्वास जादा घ्यावा, ही सोय त्याला नाही. उभा असताना मिनिटाला तीस-चाळीस ठोके टाकणारं त्याचं काळीज शर्यतीत दोनशेच्या वर जातं. प्लीहेत साठवून ठेवलेलं दाट रक्त अंगात सुटतं. प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो, की चारही पाय अधांतरी. माणसाच्या डोळ्याला तो क्षण पकडता येत नव्हता. 1878 साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे लावून तो पकडला आणि जुना वाद मिटला. गंमत अशी, की हवेतल्या त्या क्षणी घोड्याचे पाय पुढेमागे ताणलेले नसतात, चित्रकार शतकानुशतकं काढत आले तसे. ते पोटाखाली गोळा झालेले असतात. पतंगासारखा नव्हे, मुठीसारखा असतो तो.

आणि ही सारी घडण माणसानं केलेली. थरोब्रेड म्हणजे रानात सापडलेला घोडा नव्हे; तो कागदावर जमवलेला घोडा आहे. इंग्लंडात सतराव्या शतकाच्या शेवटापासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडून आणलेले तीन नर, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. आज जगातल्या कुठल्याही थरोब्रेडचं बापाकडचं मूळ या तिघांपैकी एकापाशी पोचतं. 1791 पासून त्यांच्या वंशावळीची वही ठेवली जाते. वही एवढी कडक, की उत्तर गोलार्धातल्या प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस 1 जानेवारी, मग तो जन्मलेला असो फेब्रुवारीत नाही तर मेमध्ये. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून लावलेली होती, त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही.

घोडा धावतो तो एक दीड-दोन मिनिटांचा खेळ, आणि दोन शर्यतींच्या मध्ये जो अर्धा तास असतो तो माणसांचा. खिडक्यांचा. तिथं चालतं ते टोटचं गणित अगदी उघडं असतं. सगळ्यांनी लावलेले पैसे एका ढिगात जातात. त्यातून सरकारचा कर आणि रेस क्लबचा वाटा काढतात, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे बोर्डावर दिसणारा भाव हा घोड्याचा नसतोच. तो तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या हजारो माणसांच्या मताचा असतो. मामा घोड्याशी लढत नव्हता. तो त्या गर्दीशी लढत होता, आणि गर्दी बहुधा त्याच्यापेक्षा शहाणी निघायची. सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ ठरवला. तो निकाल मामानं पेपरातून कापून देवघराशेजारी चिकटवला होता. जीएसटीवाल्यांना मात्र ते पटलेलं दिसत नाही. त्यांनी 2017 पासून घोड्यावर लावलेल्या पैशाला कॅसिनोच्या पंक्तीला बसवलं, आधी 28 टक्के आणि 2025 पासून 40. न्यायालयात कौशल्य, कराच्या पावतीवर जुगार. मामी पहिल्यापासून पावतीच्या बाजूची.

पण मामी घोड्यांच्या किंवा शर्यतीच्या विरुद्ध होती, असं समजू नका. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. तिच्या वडिलांचा बैलगाडा होता. यात्रेच्या दिवशी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा जुंपला, की हीच मामी डोक्यावरचा पदर खाली पडला तरी भान नसल्यासारखी ओरडायची. पुणे जिल्ह्यातल्या त्या घाटांत बैलांच्या पुढं घोडी पळते. तिच्यावर बसणाऱ्याच्या मांडीत सगळ्या गावाचा जीव असतो. भंडारा उधळला जातो, 'भिर्रर्र' म्हणून आरोळी उठते आणि सेकंदांवर बारीचा, म्हणजे त्या एका धावेचा, निकाल लागतो. गावच्या लेकी त्या दिवसासाठी सासरहून येतात, पाहुण्यांच्या पंगती उठतात. त्या वेळी मामीच्या घरी लेकरांच्या आधी बैलांना दूध मिळायचं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा म्हातारपणी ती दोन दिवस नीट जेवली नव्हती, आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला तेव्हा तिनं पेढे वाटले. "त्यात जुगार नसतो का?" मी विचारलं होतं. "असतो," ती म्हणाली, "पण तो बांधावर असतो. घाटात नसतो." मला हा फरक तेव्हा शाब्दिक वाटला. आता वाटत नाही. बैल घरचा असतो, त्याचं नाव घरातलं असतं. हरला तरी संध्याकाळी तोच गोठ्यात येतो, त्याच्या पाठीवरून हात फिरवावा लागतो. मामाचा घोडा हरला, की चुरगळलेल्या तिकिटाबरोबर त्याच्या डोक्यातून जायचा.

हरलेले घोडे जातात कुठं, हा प्रश्न मी मामाला एकदा विचारला होता. तो गडबडला. काही घोडे रायडिंग स्कूलला जातात, काही घोड्या स्टड फार्मवर वंशाला लागतात, एवढं त्यानं सांगितलं. तिसरी वाट त्याला ठाऊक नव्हती. ती पुण्यातच होती आणि विलक्षण होती. हडपसरला पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म होता. तिथले शर्यतीतून उतरलेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, कारण धनुर्वातावरचं, सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तातून निघतं. घोड्याला विषाचे लहान लहान डोस देतात. त्याचं रक्त त्या विषाला उत्तर तयार करतं, आणि ते उत्तर गाळून माणसाला टोचतात. घोडे आपले आणि औषध दुसरीकडे, तर औषधच का करू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. पुढं जगभरच्या मुलांच्या दंडांत गेलेल्या लशींचा उगम असा घोड्यांच्या पागेपाशी आहे. मामाच्या पायात एकदा गंजलेला खिळा गेला आणि दवाखान्यात त्याला इंजेक्शन दिलं. पुढं कधी तरी मी हे सगळं वाचून त्याला सांगितलं, तेव्हा तो दंड चोळत म्हणाला, "म्हणजे आयुष्यात एक घोडा तरी मला लागला."

बरं, माझ्या शेंगदाण्यांचं काय झालं? पहिल्या रविवारी मी डोळ्यांत तेल घालून मोजलं. सात दाणे उजव्या खिशात गेले. पण संध्याकाळी भूक लागली आणि डाव्या खिशातले संपल्यावर मी उजव्यातलेही खाल्ले. पुरावाच पोटात गेला. परतताना मामानं कँपात भेळ घेतली. तो मला 'खोटं बोल' असं कधीही म्हणाला नाही. फक्त भेळेत कैरी जास्त घालायला सांगायचा. घरी आल्यावर दारातच मामीनं विचारलं, "किती वेळा?" माझ्या तोंडून आलं, "तीन." मामानं माझ्याकडे पाहिलं नाही. मामीनं पाहिलं. मग पुढच्या सगळ्या रविवारी, त्या सीझनला आणि पुढच्या दोन सीझनना, माझं उत्तर तीनच राहिलं. घरात एक तडजोडीचा आकडा ठरून गेला. मामीला तो पटत नव्हता, पण तिनं दुसरा पहारेकरी नेमला नाही.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मध्ये मी रेसकडे फिरकलो नाही. गेल्या फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईत भाचीकडे होतो. डर्बीचा दिवस. भाचीची मुलगी दहा वर्षांची, तिला घोडे बघायचे होते. मी आता मामाआजोबा. भाचीनं आम्हाला दारातून हात केला, "मजा करा, फोटो पाठवा." खिशात काही भरलं नाही. मोजायला काही सांगितलं नाही.

महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 सालचं. मेलबर्नच्या कॉलफिल्डच्या धर्तीवर बांधलेलं. त्याआधी मुंबईची रेस भायखळ्याला होत असे. इथली डर्बी 1943 मध्ये सुरू झाली आणि पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीनं मारली. आम्ही गेलो तेव्हा हिरवळीवर खरोखरच जाहिरातीतली कुटुंबं होती. बायकांच्या डोक्यावर पिसांच्या, जाळीच्या, परातीएवढ्या हॅट. त्यांच्यामध्ये आपले लोक डबे उघडून बसलेले, कुणी ठेपले काढतंय, कुणी इडल्या. फोटो काढणारे घोड्यांकडे पाठ करून उभे. स्टँडच्या पलीकडं टॉवर चढत गेलेले. या साऱ्या जमिनीचा नव्याण्णव वर्षांचा भाडेकरार 2013 मध्ये संपला होता. 2024 मध्ये वाटणी झाली आणि 211 एकरांतले 120 एकर उद्यानासाठी महापालिकेकडे, 91 क्लबकडे असं ठरलं. म्हणजे पुढच्या पिढीची पोरं इथं तिकिटाशिवाय पळतील. वाईट नाही.

पॅडॉकच्या कठड्याशी पोरगी पाय उंचावून उभी राहिली. मी नकळत सुरू केलं, "कान बघ. मान बघ." तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, यातल्या कुणाला माहीत असतं का, की आपण जिंकलो?" मला उत्तर आलं नाही. जॉकीनं लगाम आवरला, की घोड्याला थांबायचं कळतं. गळ्यात पडलेल्या हारातली पानं तो खायला बघतो. आपण नाकानं हरलो, याचं दुःख त्याला होत असेल असं त्याच्या चेहऱ्यावरून तरी वाटत नाही. त्या मैदानावर हार-जीत ठाऊक नसलेला तो एकटाच प्राणी, आणि साऱ्यांची हार-जीत त्याच्या पायांवर.

मी एकदाच खिडकीपाशी गेलो. रांगेत उभं राहावं लागलं. पुढच्या म्हाताऱ्याचा हात नोटा मोजताना थरथरत होता, मागून त्याची सून की लेक हाक मारत होती, "बाबा, पुरे आता." रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. तो ओशाळून हसला आणि एक नोट परत खिशात घातली. आणि एकदम मला मामीच्या शेंगदाण्यांचं शहाणपण उमगलं. खिडकीला चालत जावं लागतं. चालताना दिसावं लागतं. हातातून नोट सुटते तेव्हा ती सुटलेली कळते. आमच्या ओळखीतल्या एका घरी मुलगा रात्री पांघरुणात मोबाइलवर पैसे लावत होता; घरच्यांना कळलं ते कर्जवसुलीचे फोन यायला लागल्यावर. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तोवर असे किती मुलगे पांघरुणात होते कोण जाणे. त्या घरच्या आईनं कुणाच्या खिशात दाणे भरायचे? अंगठा किती वेळा हलला, ते कुठल्या भाच्यानं मोजायचं? रेसकोर्सला मी पुण्यक्षेत्र म्हणणार नाही. पाटल्या गहाण पडल्या त्या इथंच. पण इथला जुगार निदान उजेडात, उन्हापावसात, चार लोकांत उभा असतो, आणि त्याच्या कठड्याशी एखादं लहान मूल उभं राहू शकतं. कुटुंबानं इथं येण्यात काही अर्थ असेल तर तो एवढाच.

मी लावलेला घोडा पाचवा आला. पोरगी मात्र खूश होती. तिच्या गालावर चिखलाचा एक शिंतोडा उडाला होता आणि तो पुसायला ती तयार नव्हती.

पुढच्या आठवड्यात पुण्याला मामीकडे गेलो. वय ऐंशीच्या घरात, दिसतं कमी, ऐकू नको ते सगळं येतं. हातात पाटल्या. मी तिला फोनवरचे फोटो दाखवले, घोडे, हॅटवाल्या बायका, चिखल लागलेली पोरगी. तिनं फोन नाकाजवळ धरून एक-एक पाहिला. मग फोन मांडीवर ठेवून, पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी दारात विचारायची त्याच आवाजात म्हणाली, "आता तरी खरं सांग. किती वेळा जायचा रे?"

भेळेची लाच आता उरली नव्हती. मी आठवून पाहिलं. खिडकी आठवेना. रांग आठवेना. आठवली ती तांबूस घोडी, तोंडावर आलेला तिचा ऊन श्वास, गमबुटाच्या तळव्यातली घरघर. पहिला रविवार सोडला तर मामाच्या मागं मी कधी गेलोच नव्हतो.

"खरं सांगू मामी? मोजलंच नाही. मी आपला घोडे बघत बसायचो."

मामीनं पाटल्या वर सारल्या आणि बराच वेळ भिंतीवरच्या मामाच्या फोटोकडे बघत राहिली.

"तोही हेच सांगायचा," ती म्हणाली.